भाडेकरू कोण, हे सोसायटीने ठरवायचे काय?

शहरांतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांमध्ये हल्ली एक सूर ऐकू येतो. कितीतरी फ्लॅट भाड्याने गेलेले, मालक परगावी किंवा परदेशी, एजंटांचा सुळसुळाट, गळती आणि पार्किंगवरून रोजची भांडणे. तेव्हा भाड्याच्या घरांचा सगळा कारभार सोसायटीनेच हाती घ्यावा आणि भाडेकरूही तिनेच निवडावा, असे सुचवले जाते. वरवर पाहता हा सोयीचा प्रश्न वाटतो. पण आंबेडकरी जनतेने तो बारकाईने पाहिला पाहिजे. ज्याच्या हाती घराची किल्ली, त्याच्याच हाती वस्तीची वेस असते.

परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तिथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले. शंभर वर्षांत काय बदलले? लाठी गेली, तिच्या जागी फोन आला. डॉ. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी फोन केले गेले. सवर्ण नावांना जवळपास कुणीच नकार दिला नाही. दलितांपैकी सुमारे पाचांत एकाला आणि मुस्लिमांपैकी सुमारे तिघांत एकाला सरळ नकार मिळाला. 2023 साली मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी महिलेला जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा महाराष्ट्र खवळला. खवळायलाच हवे होते. पण आडनाव ऐकून रोज माघारी पाठवल्या जाणाऱ्या बौद्ध तरुणांसाठी तो कधी खवळतो?

कायदा काय सांगतो? नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 च्या कलम 4 नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. कलम 12 तर त्याही पुढे जाते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर त्यामागे अस्पृश्यताच होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. शस्त्र धारदार आहे, पण ते चालवायचे कसे? 'घर कालच गेले' एवढे सांगून फोन ठेवला जातो. ना कागद, ना साक्षीदार.

दुसरीकडे, सोसायटी ही खासगी संस्था असल्याची ढाल पुढे केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला. अमेरिकेने याच्या उलट वाट धरली. घर काळ्यांना विकू नये असे करार न्यायालये अमलात आणणार नाहीत, असा निकाल तिथे 1948 साली लागला आणि 1968 च्या कायद्याने घरविक्रीतला व भाड्यातला वंशभेदच बेकायदा ठरवला. घरमालकांच्या संघटनाही त्यातून सुटल्या नाहीत.

मग सोसायटीला हा अधिकार द्यावा काय? आज एखादा मालक जात न पाहता घर देतो. उद्या निवड कमिटीकडे गेली, तर त्या एका माणसाच्या चांगुलपणावर दहा जणांचा पूर्वग्रह बसेल. म्हणून निवडीचा अधिकार कमिटीला देता कामा नये. दुरुस्ती, कराराची नोंद, पोलीस पडताळणी ही कामे तिने खुशाल करावीत.

आणि एखाद्या सोसायटीने निवडीचे काम घेतलेच, तर अटी आपण घालायच्या. अर्ज लेखी हवा, क्रमाने नोंदलेला हवा. निकष आधी जाहीर हवेत आणि नकाराचे कारण लेखी मिळाले पाहिजे. सोसायटी ही नोंदणीकृत संस्था आहे, तिला इतिवृत्त ठेवावे लागते. मालकाच्या फोनवरच्या नकाराला जो कागद नसतो, तो इथे तयार होईल आणि कलम 12 ला धार येईल. पैशाच्या बाबतीतही सावध राहावे. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असा आदेश राज्य सरकारने 2001 साली काढला आणि 2007 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. व्यवस्थापनाच्या नावाखाली ही मर्यादा ओलांडू देता कामा नये.

सोसायटीच्या कमिटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव असते. आपली माणसे फ्लॅट घेतात, पण सर्वसाधारण सभेला जात नाहीत, निवडणुकीला उभी राहत नाहीत. ती खुर्ची रिकामी राहते आणि आपल्याविषयीचे निर्णय आपल्या पाठीमागे होतात. घर मिळाले म्हणजे लढाई संपली, असे समजू नका. पुढच्या सभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाचा, सभेला जा आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्या मागून येणाऱ्याला जिना चढता यावा, ही जबाबदारी आधी चढलेल्याची आहे.