हात तिचे, नोंद कुणाची?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली. बारावीनंतर तिनं इथल्याच एका खासगी संस्थेत वर्षभराचा ‘पॅरामेडिकल’ कोर्स केलेला. फीसाठी आईनं कानातलं मोडलं. प्रमाणपत्र झोकदार मिळालं, पण नोंदणी करायला गेली तेव्हा कळलं, कोर्सला मान्यताच नाही. आज ती एका दवाखान्यात रक्त काढते, सलाईन लावते, रात्रपाळी करते. पगारपत्रकावर मात्र ‘मदतनीस’. काही बिघडलं तर बोट तिच्याकडेच दाखवलं जाईल.

मग अशा कामांना कायद्याचं बंधन नको का? हवंच. शिकाऊ हाताची चूक सर्वांत आधी गरीब बाईच्या अंगावर येते. नर्सेससाठी महाराष्ट्रात १९६६ चा कायदा आहे. लॅब, ऑपरेशन थिएटर, अ‍ॅम्ब्युलन्समधले तंत्रज्ञ मात्र वर्षानुवर्षं कुणाच्याच खिजगणतीत नव्हते. राज्यानं परावैद्यक परिषदेचा २०११ चा कायदा केला. २०२१ मध्ये संसदेनं सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत हे तंत्रज्ञ तर आहेतच, आपल्यासारख्या रुग्णालयात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याही आहेत. म्हणजे हा प्रश्न आपलाही आहे.

या कायद्यानुसार तंत्रज्ञाचं शिक्षण किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं. ऐकायला रास्तच वाटतं. पण वैजापूर-कन्नडच्या खेड्यातल्या मुलीकडे हे तास येणार कुठून? फी, वसतिगृह, लग्नाची घाई न करणारं घर, हे सगळं जुळलं तरच. ज्यांचं जुळत नाही, त्या नोंदीबाहेरच राबतात. आणि नोंद नाही म्हणून त्यांना कमी पगारात ठेवणं मालकाला सोयीचं होतं.

तासांखेरीज कौशल्य सिद्ध होतच नाही का? बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. मेबल आणि रजनीकांत आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या कमी शिकलेल्या, निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने प्रशिक्षण दिलेल्या गावच्या बायकांनी नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शनही दिलं. तुलनेच्या गावांच्या मानानं तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. या बायकांना कुणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांना शिकवलं जात होतं, त्यांचं काम पुन्हापुन्हा तपासलं जात होतं.

म्हणून आपली मागणी ‘नियम सैल करा’ अशी नाही. वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाईची प्रात्यक्षिक परीक्षा घ्या, उणं असेल तेवढंच शिकवा, त्या काळात विद्यावेतन द्या आणि मग नोंद करा. मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी मराठीत, प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या फलकावर लावा. मान्यता नसताना फी उकळणाऱ्या संस्थेकडून ती परत मिळवून द्या. आज शिक्षा फसलेल्या मुलीला होते, फसवणारा नव्या बॅचची जाहिरात करतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या बायकांशी बोलावं. काय काम करता, कुठं शिकलात, हातात किती पडतात, एवढंच विचारावं. उत्तरं घेऊन मग परिषदेच्या दारात जाऊ.