पडलेल्या पुलांचा हिशेब

ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यावर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. सरपणी नदीला पूर आला, माणसे दगावली, विसरवाडीकडचा सुरत-धुळे महामार्ग ठप्प झाला. अशा पुरानंतर एक वाक्य हमखास कानी पडते : इंग्रजांचे पूल बघा, अजून कसे ठणठणीत उभे आहेत! त्यात आजच्या कामांबद्दलचा राग आहे आणि तो रास्तच आहे. पण इतिहास म्हणून हे वाक्य टिकत नाही. इंग्रजांचेही पूल पडले, आणि पुष्कळ पडले. जे उरले तेवढेच आज नजरेला दिसतात.

सर्वांत बोलके उदाहरण विसरवाडीपासून फार लांबचे नाही. मुंबई-बडोदा रेल्वेचे कर्नल केनेडी यांनी १८६० च्या सुमारास भरूचजवळ नर्मदेवर लोखंडी पूल घातला. त्यांची पद्धत हुशारीची होती. नदी कोणतीही असो, गाळे साधारण साठ फुटांचे, गर्डर एकाच घडणीचे. सुटे भाग इंग्लंडातून जहाजाने यायचे आणि इथे रिव्हेट ठोकून जोडले जायचे. खांब म्हणजे ओतीव लोखंडाचे पोकळ नळ. त्यांच्या टोकाला स्क्रूसारखी पाती असत आणि ते पिळत पिळत नदीच्या तळात उतरवले जात. वसईच्या खाडीवरही हीच तऱ्हा वापरली गेली.

नर्मदेने मात्र ती मानली नाही. पुराचे पाणी वर जेवढे दिसते त्याहून जास्त काम तळाशी करते. खांबाभोवतीची वाळू उपसली जाते, आधार जातो, आणि मग वरचा गर्डर कितीही भक्कम असला तरी त्याचा उपयोग नसतो. पूल वारंवार मोडला. १८७६ च्या पुराने तर त्याचा मोठा भागच वाहून नेला. पुढच्याच वर्षी नव्या पुलाचे काम सुरू झाले आणि १६ मे १८८१ रोजी तो खुला झाला. खर्च पंचेचाळीस लाखांवर गेला. आज लोक ज्याला गोल्डन ब्रिज म्हणतात आणि ज्याच्या मजबुतीचे दाखले देतात, तो हा दुसरा पूल. पहिल्याची आठवण कोणी काढत नाही.

दगडी बांधकामाची गतही वेगळी नव्हती. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली आणि चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, तिथला एक मोठा कमानीचा पूल कोसळला. त्या घाटात पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले होते. त्यांच्या घामावर उभ्या राहिलेल्या कामात चुना आणि चिरा मात्र निकृष्ट निघाला.

खुद्द इंग्लंडात १८४७ मध्ये चेस्टरजवळ रॉबर्ट स्टीफन्सन यांचा पूल गाडीखाली तुटला. ओतीव लोखंड दाब सोसते, ताण सोसत नाही, हे उघड झाले. सरकारने आयोग नेमला, प्रयोग झाले, अहवाल छापला गेला आणि घडीव लोखंडाकडे कल वळला. डिसेंबर १८७९ मध्ये वादळात स्कॉटलंडचा टे पूल गाडीसकट नदीत गेला. वाऱ्याचा जोर हिशेबात धरलाच नव्हता, हे उघड चौकशीत निघाले आणि अभियंता टॉमस बाउच यांच्यावर नाव घेऊन ठपका ठेवला गेला. १८९० मध्ये पुरा झालेला पोलादी फोर्थ पूल त्या चौकशीनंतरचा आहे.

तापी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास नवापूर, नंदुरबारवरून अमळनेरपर्यंत पोहोचली, तेव्हा तिच्या पाठीशी अर्ध्या शतकाची ही पडझड आणि तिच्यातून जमलेले ज्ञान होते. हे ज्ञान गोऱ्या कातडीतून आले नव्हते. पूल का पडला हे लिहून काढण्यातून आणि ते इतरांना वाचू देण्यातून आले होते.

नेमके तेच आज हवे आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला, तो तर धोकादायक म्हणून आधीच ठाऊक होता. चौकशीची घोषणा दर वेळी होते. मात्र अहवाल मराठीत, तहसील कचेरीत आणि ग्रामपंचायतीत कोणालाही वाचता येईल असा ठेवण्याची सक्ती हवी. शिवाय प्रत्येक पुलावर पाटी हवी : बांधल्याचे वर्ष, पाया किती खोल, पाणी आजवर कुठवर चढले, शेवटची तपासणी कधी झाली आणि ती कोणी केली. सरपणीपासून सुरुवात करायला सार्वजनिक बांधकाम विभागाला नव्या कायद्याची गरज नाही. पुढच्या पावसाळ्याआधी हे काम होऊ शकते.