चालता संगणक भंगारात का?



१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले आणि परभणीचा एक दुकानदार म्हणाला, "वहिनी, जुना भंगारात द्या, नवा घ्या." का द्यावा? सासऱ्यांनी ठेवलेले दुकानाचे हिशेब फक्त विंडोज एक्सपीवर उघडतात. नवा घेतला तरी तो प्रश्न सुटणार नव्हताच.

मुलाने त्याच संगणकावर लिनक्स टाकले, त्यात व्हर्च्युअलबॉक्स आणि त्याच्या आत घरच्या सीडीवरून एक्सपी. एक्सपीला १२८ एमबी मेमरीही पुरते. आमच्या ४ जीबीत ती आरामात चालते. तिचे अपडेट २०१४लाच बंद झालेत, म्हणून तिला इंटरनेट मात्र जोडू नका.

जुन्या साडीची आपण गोधडी शिवतो. मग चालते यंत्र टाकून नवे आणताना अपरिग्रह कुठे जातो?