चिपचा भाव कोण ठरवतो?

"माल महाग आहे, कारण तो बनवायलाच महाग पडतो." बाजाराचे वकील हे वाक्य आम्हाला नेहमी ऐकवतात. खर्च असतोच, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या खर्चावर आणखी किती उकळायचे, हे समोर प्रतिस्पर्धी उभा आहे की नाही यावर ठरते. ग्राफिक्स चिपच्या धंद्यात २००८ साली हे उघड दिसले.

त्या जूनमध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आणि जीटीएक्स २६० हे ३९९ डॉलरला आणले. दोन्हींत चिप एकच, १४० कोटी ट्रान्झिस्टरची, ५७६ चौरस मिलिमीटरची. त्याच महिन्यात एएमडीने एचडी ४८७० कार्ड २९९ डॉलरला आणले. त्याची चिप २५६ चौरस मिलिमीटरची, म्हणजे निम्म्याहून लहान. तरी कामात ते जीटीएक्स २६० च्या तोडीस तोड होते. दोन्ही चिप बनवणारी कंपनी मात्र एकच, तैवानची टीएसएमसी.

लहान चिपचा फायदा कोणता? थाळीत वड्या थापल्या आणि मिश्रणात दहा खडे निघाले, तर मोठ्या वड्या पाडल्यास अर्धी थाळी वाया जाते. लहान पाडल्यास थोडकेच नुकसान होते. ३०० मिलिमीटरच्या सिलिकॉन तबकडीतून एनव्हिडियाच्या चिप शंभरही निघत नव्हत्या, एएमडीच्या दोनशेहून अधिक निघत. मानू या, तबकडीवर ५० वेगवेगळ्या चिपमध्ये दोष आहेत. मग ९० पैकी ४० चांगल्या उरतील, पण २२० पैकी १७०. यालाच यील्ड म्हणतात. तबकडीचा सारा खर्च विकता येणाऱ्या चिपवरच बसतो. म्हणून एनव्हिडिया काही सदोष चिपही फेकत नव्हती. २४० पैकी ४८ गणनएकक बंद करून तीच चिप जीटीएक्स २६० म्हणून विकत होती.

पुढे काय झाले? काही आठवड्यांतच जीटीएक्स २८० चा भाव ४९९ वर आणि २६० चा २९९ वर आला. चिप तीच, आकार तोच, कारखाना तोच. एवढ्या दिवसांत बनवण्याचा खर्च दीडशे डॉलरने घटला काय? मुळीच नाही. जूनमध्ये ज्याने घाईने २८० घेतले, त्याने प्रतिस्पर्धी नसल्याचा दंड भरला.

कोणी म्हणेल, "मग खुल्या बाजारानेच भाव उतरवले ना?" उतरवले, पण तुल्यबळ दुसरा होता म्हणून. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपमध्ये तसा दुसरा कुठे आहे? जगभरचे प्रोग्रामर एनव्हिडियाच्या कुडा या सॉफ्टवेअरला बांधले गेले आहेत. २०२५ च्या आर्थिक वर्षात या कंपनीचा ढोबळ नफा विक्रीच्या सुमारे ७५ टक्के होता. शंभर रुपयांच्या मालात बनवण्याचा खर्च पंचवीस! आता "बनवायलाच महाग पडते" हे कोणाला सांगता?

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. सरकारने हात काढून घेतला की दुर्बळाला स्वातंत्र्य मिळत नाही, तो खासगी मालकाच्या हुकमाखाली जातो, हे त्यांनी ओळखले होते. आजचा महत्त्वाचा उद्योग ही गणनशक्ती आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून सवलतीच्या दरात जीपीयूचा वेळ दिला जातो. हा जनतेचा पैसा आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: या वेळेत अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी विद्यार्थ्यांचा राखीव वाटा ठेवा आणि कोणाला किती तास मिळाले, याचे समाजगटनिहाय आकडे जाहीर करा. वस्तीतल्या मुलीने हे शास्त्र शिकावे की नाही, हे एका कंपनीच्या दरपत्रकावर सोडायला आम्ही तयार नाही.

जय भीम!