रेनकोट घालून दम वाढत नाही

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात अंबड रस्त्याने रेनकोट घालून पळणारा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि पोराच्या अंगावर रेनकोट! शेजारून मोटारसायकलवर, डोक्याला उपरणं गुंडाळून, उस्ताद चाललेत आणि ओरडतायत, ‘गाळ! अजून गाळ!’ काय गाळायचं? घाम. कशासाठी? पोराला बॉक्सिंगचा स्टॅमिना यावा म्हणून. या महामहोपाध्यायांना तोंडावर सांगायला हवं: घाम गाळल्याने स्टॅमिना वाढत नाही, अंगातलं पाणी कमी होतं. पाणी प्यायलं की ते परत येतं. हाती उरते फक्त चक्कर.

साठ किलोच्या मुलाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेलं, म्हणजे वजनाच्या सुमारे दोन टक्के, की दम कमी पडू लागतो. रक्तातलं पाणी घटतं आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके वाढतात. हे शास्त्र आपल्याला परकं आहे का? २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टँकर विकत घेऊन मोसंबीच्या बागा जगवल्या. झाडाला पाणी लागतं हे ज्यांना कळतं, त्यांच्याच पोरांना सरावात पाणी प्यायची बंदी! का? तर म्हणे ‘पाण्याने दम तुटतो.’ दम तुटतो तो अशा अडाणीपणाने.

उस्तादांकडे उत्तर तयार असतं: ‘वजन उतरवायचंय.’ हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होतं. रात्रभर सुकवलेलं शरीर दुपारपर्यंत भरून निघत नाही. खालच्या वजनगटात जाऊन मिळवलेला फायदा पहिल्याच राउंडमध्ये संपतो. दुसऱ्या राउंडमध्ये पोराचे हात खाली येतात, आणि कोपऱ्यात उभे असलेले हेच गुरुवर्य त्याला शिव्या घालतात: ‘दम नाही रे तुझ्यात!’ दम होता. तो तुम्हीच सकाळी रस्त्यावर सांडून आलात.

आता खेळाचा हिशेब बघा. तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेका मिनिटाची विश्रांती. एक पंथ म्हणतो, खेळ नऊ मिनिटांचा, मग लांब पळायचं कशाला? हौशी लढतीची नक्कल करून मोजमाप झालं, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने आलेली दिसली. म्हणजे लांब पळणं हवंच. दुसरा पंथ पोलीस भरतीचे १६०० मीटर हाच सगळ्या रोगांवर उतारा मानतो. भरतीला एकदाच जीव तोडून पळायचं असतं. रिंगणात मिनिटभरात सावरून पुन्हा उभं राहायचं असतं. तिसरा पंथ तोंडाला रबरी मास्क बांधून पर्वतावरची विरळ हवा मिळाल्याचं सांगतो. मास्कने श्वास अडतो, हवा तीच राहते.

व्यावसायिक बॉक्सिंगमधलं उदाहरण घ्या. १९७४ साली किन्शासात जॉर्ज फोरमन रिंगणात उतरला तेव्हा त्याच्या नावावर ४० पैकी ४० विजय होते, त्यातले ३७ नॉकआउट. मुहम्मद अलीने दोरांना टेकून त्याला मारू दिलं, थकू दिलं आणि आठव्या राउंडमध्ये आडवं केलं. जगातली सगळ्यात भारी ठोसाशक्तीही दमाशिवाय आठव्या राउंडपर्यंत पुरली नाही. आमच्या पोरांना मात्र अजून ‘ठोसा दणकट कर’ एवढाच मंत्र मिळतो.

मग करायचं काय? आठवड्यातले तीन-चार दिवस पहाटे, ऊन चढायच्या आत, चाळीसेक मिनिटं हलकं पळा. इतकं हलकं की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. असे महिने जाऊ द्या. त्यावर तीन मिनिटं जोरात, एक मिनिट थांबा, हे माप बॅगवर, पॅडवर आणि दोरीवरच्या उड्यांत बसवा. ठोशाबरोबर श्वास सोडा, खांदे सैल ठेवा. आखडलेलं अंग उगाच दम खातं. एक दिवस पूर्ण विश्रांती. पोटभर भाकरी, वरण, अंडी, शेंगदाणे. रात्रभर झोप. यात रील बनवण्यासारखं काही नाही, म्हणूनच ते कुणी शिकवत नाही.

‘स्पारिंगनेच, म्हणजे सरावाच्या लढतींनीच, स्टॅमिना येतो’ म्हणणाऱ्यांवर मला सगळ्यात जास्त राग आहे. थकलेल्या पोराचा बचाव आधी ढासळतो आणि मग ठोसा थेट डोक्यावर बसतो. २०१३ पासून वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकलं. हेडगार्ड असो वा नसो, मेंदू वाचवतात ते वर राहिलेले दोन हात, आणि ते वर ठेवतो दम. दमलेल्या मुलाला रिंगणात ढकलणं ही शिस्त नव्हे, गुन्हा आहे.

स्पर्धांच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे बलोपासनेवर बोलताना समर्थ रामदासांना हमखास ओढून आणतात. जांब याच जिल्ह्यातलं ना! त्यांनी भाषणाआधी सराव होतो तिथे पाण्याची टाकी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का, एवढं बघावं. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१९ला इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचं सुवर्ण जिंकला. राहणं, जेवण आणि सराव एका जागी मिळाला की आपल्याच मातीतलं पोरगं तिथवर जातं. रेनकोट वाटून नाही.

म्हणून पोरांनो, नव्या उस्तादाकडे गेलात की पहिल्याच दिवशी विचारा: ‘प्यायचं पाणी कुठे आहे?’ उत्तरात शिवी आली तर ग्लोव्हज उचला आणि दुसरा उस्ताद शोधा.