भट्टी विझल्यावर

आपल्या भागात एखादा कारखाना किंवा खाण सुरू होते, त्या दिवशी मोठा समारंभ होतो. मांडव पडतो, भाषणे होतात, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात आणि गावातील तरुणांच्या डोळ्यांत पगाराचे स्वप्न उभे राहते. परंतु तोच कारखाना बंद होतो त्या दिवशी कोणी मांडव घालत नाही. फाटकाला कुलूप लागते, पहारेकरी खुर्ची उचलून घरी जातो आणि पावसाळ्यागणिक पत्रे गंजू लागतात. आरंभाची चिंता वाहणारे पुष्कळ असतात. शेवटाची चिंता कोणी वाहावी, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. या आठवड्यात आम्ही आमच्या वाचकांना अशाच एका विझलेल्या कारखान्याच्या आवारात नेणार आहोत. तो आहे दूर जर्मनीत. पण त्याने शिकविलेला धडा आपल्या दारापाशीच येऊन थांबतो.

जर्मनीच्या पश्चिमेस रुहर नावाची नदी आहे. तिच्या आसमंतातील भूमीखाली दगडी कोळशाचे थर पसरलेले आहेत. तेथील एसेन शहराच्या उत्तर भागात फ्रान्झ हानियेल या उद्योगपतीने १८४७ मध्ये ‘त्सोलफराइन’ नावाची खाण काढली. पुढे १९३२ मध्ये तिची बारा क्रमांकाची विहीर सुरू झाली. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुशिल्पकारांनी तिच्या इमारती बांधल्या आणि तेथून दिवसाला १२,००० टन कोळसा निघू लागला. दिवसरात्र पाळ्यांनी काम चाले. भरभराटीच्या काळी येथे आठ हजारांपर्यंत माणसे राबत. खाणीशेजारी १९५७ ते १९६१ या काळात कोळशापासून कोक बनविणारा प्रचंड कारखाना उभारण्यात आला.

खाणीतून वर येतो तो निव्वळ कोळसा नसतो. त्यात दगड मिसळलेला असतो. म्हणून तो प्रथम धुवावा लागतो. आपल्या घरी माउली तांदूळ पाण्यात घोळून खडे तळाशी बसविते, तोच न्याय येथे लावलेला असतो. पाण्याच्या हिंदकळण्याने हलका कोळसा वर राहतो आणि जड दगड खाली जातो. धुतलेला कोळसा मग कोकभट्टीकडे जातो. आपल्याकडील लोणारी लाकडे रचून त्यांवर माती लिंपतो आणि आत वारा शिरू न देता ती धुमसत ठेवतो. त्यामुळे लाकडाची राख न होता लोणारी कोळसा मिळतो. कोकचीही रीत तीच. हातभर रुंदीच्या, पण पुष्कळ उंच व लांब अशा विटांच्या कोठड्यांत दगडी कोळसा भरतात, दारे घट्ट मिटतात आणि बाहेरून हजार अंशांहून अधिक उष्णता देतात. कोळशातील वायू निघून जातो. त्यातून डांबर, अमोनिया व बेंझीन वेगळे करतात. उरतो तो कोक. तो लालभडक निखाऱ्यांच्या रूपात बाहेर लोटला जातो, त्यावर पाण्याचा वर्षाव होतो आणि वाफेचा पांढरा ढग आकाशात चढतो. हाच कोक लोखंड वितळविण्याच्या कामी येतो. बेळगावच्या ज्या वाचकांनी फाउंड्रीमध्ये कोकवर चालणारी भट्टी पाहिली आहे, त्यांना त्याची धग वेगळी सांगावयास नको.

त्सोलफराइनच्या कारखान्यात १९७३ च्या विस्तारानंतर अशा ३०४ भट्ट्या एका रांगेत होत्या. या भट्ट्यांचा एक कडक नियम असे: एकदा पेटली की ती विझू द्यावयाची नाही. विझली तर आतील विटा आकसतात, भेगाळतात आणि भट्टी निकामी होते. त्यामुळे रविवार असो वा नाताळ, कोणीतरी पाळीवर असावेच लागे. मध्यरात्रीच्या मिस्सेची घंटा गावात वाजत असता येथे काही घरांचे कर्ते पुरुष तोंडाला फडके बांधून निखाऱ्यांसमोर उभे असत.

आणि तरीही एक दिवस त्या विझल्या. जर्मनीतील कोळसा फार खोलवरून काढावा लागे. परदेशांतून येणारा कोळसा त्याहून स्वस्त पडू लागला. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू घराघरांत पोहोचले. पोलादाच्या धंद्यावर मंदी आली. २३ डिसेंबर १९८६ रोजी, नाताळ दोन दिवसांवर आला असता, त्सोलफराइनची खाण बंद झाली. ३० जून १९९३ रोजी कोकचा कारखानाही थांबला.

आज त्या आवारात फिरणाऱ्याला काय दिसते? भट्ट्यांची लांबच लांब रांग. गंजाने तांबूस झालेले नळ. धूर न ओकणारी उंच धुराडी. आणि रुळांच्या फटींतून कोणी न लावता उगवलेली बर्च नावाची पांढऱ्या सालीची झाडे. एकेकाळी कोळसा धुण्याच्या इमारतीत यंत्रांचा असा गोंगाट असे की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये. तेथे २०१० पासून रुहर प्रदेशाचे संग्रहालय आहे. पाहुणा सरकत्या जिन्याने वर चढतो आणि ज्या वाटेने कोळसा खाली येई त्याच वाटेने, मजल्यामजल्याने, खाली उतरतो. हिवाळ्यात भट्ट्यांच्या पायथ्याशी पाणी गोठवून मुले बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात. काही वाटाड्ये तर या उद्योगात हयात घालविलेले जुने कामगारच आहेत.

हे सारे सहज घडले नाही. कोकचा कारखाना मोडीत काढण्याचा विचार होता. तो चीनला विकण्याचीही बोलणी झाली होती, पण ती फिसकटली. जवळच्या डॉर्टमुंड शहरातील कैसरस्टूल नावाचा कोक कारखाना तर १९९२ मध्ये सुरू होऊन २००० मध्येच बंद पडला. चिनी कामगार आले, त्यांनी तो खिळ्याखिळ्याने सुटा केला आणि आपल्या देशी नेला. आठ वर्षांचे आयुष्य! त्सोलफराइन मात्र टिकले, आणि १४ डिसेंबर २००१ रोजी युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

परंतु वाचकहो, भिंती जपल्या गेल्या हे या कथेचे मर्म नव्हे. कोळसा गेला, नफा गेला. मागे तीन गोष्टी उरल्या. त्या तिन्हींचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दगड. कोळसा धुताना जो दगड वेगळा पडे, त्याचे ढीग रुहर प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले आणि त्यांच्या टेकड्या झाल्या. एसेनजवळच्या बॉट्रोप शहरात प्रोस्पर-हानियेल नावाची दुसरी खाण होती. तिच्या दगडांची टेकडी त्या प्रदेशातील सर्वांत उंच टेकड्यांपैकी एक आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २ मे १९८७ रोजी या खाणीला भेट देऊन कामगारांशी संवाद साधला. पुढे त्या टेकडीवर क्रुसाची वाट उभारण्यात आली. तिची पंधरा स्थाने असून त्यांच्या बाजूला खाणीतील अवजारे व यंत्रभाग मांडले आहेत. उत्तम शुक्रवारी भाविक बिशपांसमवेत ती वाट चढतात. कोळशातून निवडून टाकून दिलेल्या दगडावर आज लोक प्रभूच्या दुःखसहनाचे चिंतन करतात.

दुसरी गोष्ट पाणी. जमिनीच्या पोटातून इतका कोळसा काढला गेला की वरची भूमी खचली. काही ठिकाणी तर ती वीस मीटरांहूनही अधिक खाली गेली. घरे, रस्ते, देवळे तिच्याबरोबर खचली. पावसाचे पाणी आता नदीकडे आपोआप वाहत नाही. पंप थांबले तर वस्तीच्या वस्ती तळ्याखाली जाईल. म्हणून ते अखंड चालू आहेत आणि पुढेही चालू राहावे लागतील. जर्मन लोक या खर्चाला ‘अनंतकाळचे ओझे’ म्हणतात. तो भागविण्यासाठी २००७ मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापण्यात आले असून दरवर्षी कोट्यवधी युरो त्यापायी खर्ची पडतात. ज्यांनी कोळसा जाळला ते केव्हाच मातीआड झाले. ज्यांनी त्याची ऊब कधी अनुभवली नाही, ती लेकरे आज पाणी उपसत आहेत. ‘अनंतकाळ’ हा शब्द आपण प्रार्थनेत नित्य उच्चारतो. तो हिशेबाच्या वहीत लिहिलेला पाहून मन थबकते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट माणसे. या खाणींवर पोलंड, इटली, तुर्कस्तान आणि कोरिया येथून माणसे पोटासाठी आली होती. १९५७ साली जर्मनीच्या दगडी कोळशाच्या उद्योगात सहा लाखांहून अधिक कामगार होते. त्यांच्या भवितव्याचा प्रश्न आला तेव्हा ते मुकाट बसले नाहीत. १४ फेब्रुवारी १९९७ रोजी दोन लाखांहून अधिक स्त्रीपुरुषांनी हातात हात घालून सुमारे ९३ किलोमीटर लांबीची मानवी साखळी केली. शेवटी २००७ मध्ये असे ठरले की कोळशाच्या खाणी २०१८ च्या अखेरीस बंद होतील. म्हणजे अकरा वर्षांची मुदत मिळाली. वयस्क कामगारांना लवकर निवृत्ती व निर्वाहवेतन, तरुणांना दुसऱ्या कामाचे शिक्षण, आणि कोणालाही उघड्यावर टाकावयाचे नाही, असा दंडक ठेवण्यात आला. २१ डिसेंबर २०१८ रोजी प्रोस्पर-हानियेल खाणीतून कोळशाचा अखेरचा खडा वर आला आणि तो देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला.

सारे काही गोड झाले, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी तिजोरीतून अफाट पैसा गेला. एसेनच्या उत्तर भागात आजही दक्षिणेपेक्षा बेकारी अधिक आहे. ज्या बापाने अभिमानाने सांगावे की आपण खाणकामगार, त्याच्या मुलाला सांगण्यासारखे काही उरले नाही, हे दुःख निर्वाहवेतनाने भरून येत नाही. तरी पण मुदत ठरली, ती आगाऊ सांगितली गेली आणि पाळली गेली, हे खरे.

आता गोव्याकडे वळा. तेथे कोळसा नव्हे, लोहखनिज निघत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. नंतर त्या चालू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. नियमभंग झाला होता, नद्यांत व शेतांत गाळ उतरला होता. त्याला आळा घालणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. परंतु ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, ज्याचे घर बार्जवरील पगारावर चालत होते, त्याच्या हाती मुदत किती आली? अकरा वर्षे नव्हे. सहा आठवडेसुद्धा नव्हेत. पुढे लिलाव झाले आणि काही खाणींचे काम पुन्हा सुरूही झाले. पण त्या सुरू होताना त्यांच्या शेवटाविषयी गावाने काय विचारून घेतले आहे, हा आमचा प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या पत्रातून कामगारांच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या पत्रात बजावले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात येणाऱ्या पिढ्यांप्रती असलेल्या आपल्या कर्तव्याचे स्मरण दिले. या तिन्ही पत्रांचा अर्थ एकत्र घेतला तर निष्कर्ष एवढाच निघतो की उद्योगाने केवळ पगार देऊन सुटका होत नाही. मागे राहणारा दगड, मागे राहणारे पाणी आणि मागे राहणारी माणसे यांचा हिशेबही त्यानेच द्यावयाचा असतो. तो पहिल्याच दिवशी मागून घेणे हे आपले काम आहे.

म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांना नम्र विनंती आहे. गावाजवळ नवा उद्योग येत असेल तर ग्रामसभेस अवश्य जा. किती नोकऱ्या मिळणार, हे सारेच विचारतील. तुम्ही आणखी विचारा की काम संपल्यावर खड्डा कोण बुजविणार, विहिरींचे पाणी कोण राखणार, आणि ज्यांनी उमेद तेथे घालविली त्यांची व्यवस्था काय. उत्तर कागदावर लिहून घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता खरोखर भरला जातो की नाही, हे वेळोवेळी तपासा. घरातील सर्व मुलांना एकाच फाटकातून आत पाठवू नका. एकाला तरी दुसरे कौशल्य शिकवा. आणि ज्या शेजाऱ्याच्या कारखान्याला कुलूप लागले आहे, त्याच्या घरी या रविवारी मिस्सेनंतर पाच मिनिटे जाऊन बसा. त्याला उपदेश नको असतो. आपली कोणी आठवण ठेवली, एवढे कळले तरी त्याला पुरते.

खाणकामगार संत बार्बारेला आपली आश्रयदात्री मानतात. तिच्या सणाला, म्हणजे ४ डिसेंबरला, जर्मनीतील कित्येक घरी चेरीच्या झाडाची वाळकी दिसणारी फांदी तोडून पाण्यात ठेवण्याची चाल आहे. नीट पाणी बदलत राहिले तर नाताळच्या सुमारास तिच्यावर फुले येतात. पण रोज पाणी बदलणारा हात घरात असावा लागतो.