आधी निदान, मग नवी डिस्क

सकाळी बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागते आणि आतला संगणक सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घेतो. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन आई ताटकळत उभी राहते. ‘यंत्र जुने झाले, नवे मागवा’ हा शेरा मग ठरलेलाच. मला तो निदानाआधी केलेल्या शस्त्रक्रियेसारखा वाटतो.

हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. हवी ती नोंद गाठायला तिला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते; तेच काम एका मिलिसेकंदाच्या आत होते. सुरू होताना संगणक अशा हजारो नोंदी वाचतो, म्हणून फरक लगेच जाणवतो.

पण आधी नाडी पाहा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडा. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम वाढवा. मेमरी मोकळी असूनही डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडी बसवा.

जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर फेकू नका. फोटो, अहवाल यांची दुसरी प्रत ठेवायला ती उत्तम. एसएसडी कधी कधी पूर्वसूचना न देता बंद पडते आणि त्यातील माहिती परत मिळवणे अवघड असते.

नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च थोडा आहे. रांगेतल्या आईचा वेळ मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात धरला जात नाही. तो आता धरायला हवा.